दोन मात्रांचा थांबा

प्रोफेसर ल्यूशस यान्सी यांनी लुव्हेनिया टॉलिव्हरच्या गाण्यात केलेली दुरुस्ती अवघ्या दोन मात्रांची होती, आणि ती इतक्या सुबक हाताने केलेली होती की कागद मिळाला तेव्हा लुव्हेनियाला त्याचा अभिमानच वाटला. स्वरलिपी तिला येत नव्हती. पाच-पाच रेघा, त्यांवर टाचण्या टोचाव्यात तसे काळे ठिपके, ठिपक्यांखाली तिचेच शब्द, आणि सर्वांत वर ठसठशीत अक्षरांत : ‘थांबव फेरीबोट. शब्द आणि चाल : लुव्हेनिया टॉलिव्हर.’ त्या वरच्या ओळीपुढे बाकीचा कागद तिने फारसा पाहिलाच नाही.

१९५७ सालचा मार्च होता. लुव्हेनिया चौतीस वर्षांची होती. लग्न मोडल्यावर तिने माहेरचे नाव पुन्हा लावले होते आणि साउथ मेम्फिसमध्ये, वेलिंग्टन स्ट्रीटवर, चर्चच्या गायकवृंदांचे झगे शिवण्याचे दुकान ती चालवत होती. दोन मशिने, एक लांब टेबल, आणि भिंतभर लटकलेले किरमिजी, जांभळे, पांढरे झगे. कुठल्या चर्चमधल्या कुठल्या बाईचा घेर वाढला हे तिला पाद्र्यांच्या आधी कळे. मशीन चालू असताना तिला गाणी सुचत. ती प्रार्थनेची नसत, नाचायची असत. लफंग्या प्रियकरांची, उशिरा घरी येणाऱ्या नवऱ्यांची, डोळ्यांदेखत सुटलेल्या गाड्यांची. तिचे वडील, चर्चमध्ये भजने सांगणारे डीकन एमोस टॉलिव्हर, दुपारी दुकानात येऊन बसत आणि डोळे मिटून ऐकत. “चाल देवाला आवडेल,” ते एकदा म्हणाले होते. “शब्द सुरू झाले की मात्र त्याला जरा बाहेर पाठवत जा.”

‘थांबव फेरीबोट’ हे गाणे एका बाईचे होते. मिसिसिपी नदीवरच्या हेलेना गावच्या धक्क्यावर ती उभी आहे, बोटीचा भोंगा वाजला आहे, आणि तिचा माणूस अजून उतारावरून पळत येतो आहे. ती कॅप्टनला सांगते आहे की बोट धरून ठेव. डेलरॉय पर्स्लीने ते पहिल्यांदा ऐकले ते झग्याची शिवण उसवली म्हणून दुकानात आला तेव्हा. डेलरॉय रविवारी चर्चच्या चार गायकांच्या चौकडीत गात असे आणि उरलेले सहा दिवस जांभळा कोट घालून जिथे बोलावतील तिथे.

“मिस लुव्हेनिया, हे कुठल्या रेकॉर्डवरचं?” त्याने दारातूनच विचारले.

“माझ्या मशीनवरचं.”

“खोटं.”

“मग झगा उचल आणि चालता हो.”

डेलरॉय गेला नाही. त्याने ते तीनदा गाऊन घेतले, टेबलाच्या कडेवर ठेका धरला, आणि स्टुडिओवाले स्ट्रिकलंड साहेब त्याची रेकॉर्ड काढणार होते तिची दुसरी बाजू अजून रिकामी आहे, असे सांगितले. “पण आधी कागद करून घ्या,” तो म्हणाला. “तुमचं नाव लावून घ्या. नंतर माझ्या नावाने बोटं मोडू नका.”

गाणे कागदावर उतरवून वॉशिंग्टनच्या हक्कनोंदणी कचेरीत पाठवल्याशिवाय ते कोणाच्या नावावर होत नसे. नुसते गाऊन दाखवलेले तिथे चालत नसे. साउथ मेम्फिसमध्ये ज्यांना गाणी सुचत त्यांतल्या बहुतेकांना लिपी येत नव्हती, म्हणून ती सगळी माणसे प्रोफेसर यान्सींच्या दारात उभी राहत. काळ्या मुलांच्या हायस्कूलमध्ये ते बावीस वर्षे बँड शिकवत होते. गावातल्या निम्म्या वादकांच्या बोटांवर त्यांची पट्टी कधी ना कधी बसलेली होती. कडक कॉलर, शिशाची टोकदार पेन्सिल आणि थेंबभरही न सांडणारा आवाज. गोरे लोक त्यांना प्रोफेसर म्हणत, कारण काळ्या माणसाला ‘मिस्टर’ म्हणणे त्यांच्या जिभेला जड जाई. आपले लोक प्रोफेसर म्हणत, कारण त्याहून मोठा शब्द त्यांच्याकडे नव्हता. लुव्हेनियाकडून त्यांनी कागदाबद्दल काहीच घेतले नाही. शाळेच्या बँडच्या वीस खांदपट्ट्या तेवढ्या तिने नव्याने शिवून दिल्या.

रेकॉर्डिंग गुरुवारी दुपारी एक ते चार ठरले. वेंडल स्ट्रिकलंड या गोऱ्या माणसाचा स्टुडिओ म्हणजे पूर्वीचे टायरचे दुकान होते आणि दमट दिवशी तिथे अजून रबराचा वास येई. लुव्हेनियाने दुकान बंद केले, रविवारची टोपी घातली आणि पावणेएकलाच जाऊन भिंतीकडच्या खुर्चीवर बसली. स्ट्रिकलंडने तिच्याकडे पाहून मान हलवली. तो वाईट माणूस नव्हता. घाईत मात्र कायम असे.

“बस हवं तर,” तो म्हणाला. “पण मध्ये बोलायचं नाही, लुव्हेनिया. गाणं लिहिणाऱ्याचं काम लिहून झालं की संपतं.”

डेलरॉयच्या रेकॉर्डची पहिली बाजू तासाभरात उरकली. मग तिचे गाणे आले. पियानोवर खुद्द प्रोफेसर होते. लिहिता-वाचता येणारा माणूस म्हणून स्ट्रिकलंड त्यांनाच वादकांचा म्होरक्या करी. ढोलांमागे टब नावाचा आडदांड तरुण, गिटार घेऊन त्याचा मावसभाऊ लेमन, आणि कोपऱ्यात आपल्याहून उंच बास हे तंतुवाद्य उभे धरून ओ. सी. फाइफ, वय वर्षे अडुसष्ट. तरुणपणी ते कापसाच्या गाठी बांधण्याच्या कारखान्यात होते आणि तिथला कापूस अजून त्यांच्या छातीत बसलेला होता. प्रोफेसरांनी सगळ्यांपुढे कागद मांडले, चार आकडे मोजले, आणि गाणे सुरू झाले.

लुव्हेनियाने ते ओळखले, पण एखाद्या नातेवाइकाला शवपेटीत ओळखावे तसे. शब्द तेच होते, चाल तीच होती, डेलरॉय जीव तोडून गात होता. तरीही गाणे पडून होते. दुसऱ्यांदा वाजवले, पाचव्यांदा वाजवले. आठव्या खेपेला डेलरॉयने कपाळ पुसले आणि माइकपासून मागे सरला.

“साहेब, खरं सांगू? यांच्या दुकानात हे गाणं ऐकलं तेव्हा माझ्या तळपायांना खाज सुटली होती. इथे मला झोप येतेय.”

“मग रात्री झोपत जा,” टब म्हणाला.

“दहा मिनिटं थांबा,” काचेमागून स्ट्रिकलंडचा आवाज आला. “घड्याळात तीन वाजलेत. चार वाजता बँजोवाले तिघं भाऊ येणारेत. साडेतीनपर्यंत हे जमलं नाही तर माझ्याकडे दुसरं गाणं पडलंय, ते घेऊ. डेलरॉय, याच्यासारखी गाणी पुन्हा आणू नकोस.”

लुव्हेनियाने हे ऐकले. इथून गाणे पडले की ते तिचे पहिले आणि शेवटचे ठरणार, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. गावात गाणी घेणारा दुसरा माणूस नव्हता. पण त्या क्षणी तिला अधिक छळत होते ते वेगळेच. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तिचा पाय हवेत राहत होता आणि वादक तिला सोडून पुढे निघून जात होते. पाचव्या खेपेपर्यंत तिला वाटले होते की आपलाच पाय चुकतो आहे. आता तिला कळले की गाण्यातले काहीतरी कोणीतरी उचलून नेले आहे.

मागच्या दारापाशी प्रोफेसर एकटेच रुमालाने चष्मा पुसत उभे होते.

“प्रोफेसर,” ती म्हणाली, “दर कडव्याच्या शेवटी मी जरा थांबते. ते थांबणं कुठे गेलं?”

“ते मी काढलं.”

“का?”

“कारण ते चुकतं, बाळ. बारा आवर्तनांचं कडवं, चार मात्रांचं आवर्तन. अठ्ठेचाळीस होतात. तू पन्नास गातेस.” त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्यांच्या आवाजात शिक्षकाचा तोरा नव्हता, उलट एक प्रकारची माया होती. “हा कागद वॉशिंग्टनला गेला. तिथे कोणीतरी कारकून आहे. मी त्याला कधी पाहिलेलं नाही, पण बावीस वर्षं मी त्याच्यासाठी लिहितोय. त्याने कागद उघडावा, शेजारच्या टेबलावर सरकवावा आणि म्हणावं, बघ, यांना चारपर्यंत मोजता येत नाही. हे मी कोणाच्याच बाबतीत होऊ दिलेलं नाही. तुझ्या बाबतीतही होऊ देणार नाही.”

रागवायचे तिने ठरवले असते तरी तिला ते जमले नसते.

“मला मोजता येतं,” ती म्हणाली. “झग्याच्या चुण्या मी मोजूनच घालते.”

“मग पन्नास कुठून आले?”

“तिथे मी मोजत नाही. वाट बघते.”

“कोणाची?”

“मदर ईस्टर पेटिग्रूची.”

मदर पेटिग्रू ही डीकन एमोसच्या चर्चमधली सर्वांत म्हातारी बाई. त्या चर्चमध्ये भजनांची पुस्तके नव्हती. एके काळी बहुतेकांना वाचता येत नव्हते, आणि नंतर येऊ लागले तरी रीत सुटली नव्हती. डीकन एक ओळ भरभर सांगत, आणि मग सगळी मंडळी ती ओळ सावकाश, लाटेसारखी लांबवत गात. पुढची ओळ केव्हा सांगायची हे घड्याळ ठरवत नसे, डीकनही ठरवत नसत. सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाचा स्वर संपेपर्यंत पुढची ओळ येत नसे. लुव्हेनिया तीन वर्षांची असल्यापासून बाकांवर बसून हे थांबणे ऐकत आली होती. त्यात कंटाळा नव्हता. सगळे जण श्वास रोखून एका माणसाकडे कान लावून बसत, आणि तो स्वर संपला की पुढची ओळ अशी उसळून येई की बाके हलत.

“ते चर्चमध्ये ठीक आहे,” प्रोफेसर शेवटी म्हणाले. “हे बाजारातलं गाणं आहे. वादकांना आकडे लागतात.” पण ते पेन्सिलीच्या टोकाकडे बघत बोलले, तिच्याकडे नाही. ते स्वतः आता विटांच्या मोठ्या चर्चमध्ये जात, जिथे नळ्यांचा ऑर्गन होता आणि सगळ्यांच्या हातात पुस्तके होती.

आत बोलावणे आले. लुव्हेनिया खुर्चीकडे गेली, पण बसली नाही. गोऱ्या माणसासमोर प्रोफेसर चुकले असे म्हणणे तिला शक्य नव्हते. त्या खोलीतल्या कोणालाच ते शक्य नव्हते. आणि न म्हणावे तर गाणे अर्ध्या तासात मरणार होते.

“मि. स्ट्रिकलंड,” ती म्हणाली, “एक कडवं मी गाते. सगळ्यांनी कागद पालथे ठेवले तर बरं होईल.”

“मी काय सांगितलं होतं?”

“साहेब, गाऊ द्या ना,” डेलरॉय म्हणाला. “माझे पाय तुमच्या पाया पडतात.”

स्ट्रिकलंडने घड्याळाकडे पाहिले आणि हात उडवला. लुव्हेनिया बासच्या कोपऱ्याकडे वळली.

“मिस्टर फाइफ, कडव्याच्या शेवटी मी ‘धरून ठेव’ म्हणते, तिथे तुम्ही उत्तर द्यायचं. नुसता हुंकार. श्वास संपेपर्यंत सोडायचा नाही.”

“माझा श्वास म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही, पोरी.”

“मला मोठं नकोच आहे. दोन मात्रा पुरतील.”

टब ढोलांवरून वाकला. “आणि मी परत कशावर येऊ?”

“ते संपले की.”

“संपले हे मला कसं कळणार? ते काय पाटी दाखवणारेत?”

“तुझी आई कुठल्या चर्चला जाते?”

“न्यू कॅल्व्हरी. ब्रदर एमोसच्याच.”

“मग तुला कळेल.”

टबने लेमनकडे पाहिले. दोघांच्याही चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरले, घरचा पत्ता कोणी परक्या गावात विचारावा तसे.

ती गायली. पहिले कडवे धावत आले, ‘धरून ठेव’वर येऊन थांबले, फाइफ काकांचा खरखरीत हुंकार वर चढला, आणि तो संपायच्या आत पियानो वाजला. सगळे एकमेकांवर आदळले. पुन्हा सुरुवात केली. टब थांबला, लेमन थांबला, डेलरॉय एक पाय उचलून उभा राहिला, आणि पियानो पुन्हा एकटाच पुढे धावला. प्रोफेसरांचे ओठ हलत होते. ते मोजत होते.

“कोणीतरी लवकर येतंय,” काचेमागून स्ट्रिकलंड म्हणाला. “कोण आहे?”

लुव्हेनियाने नजर खाली वळवली.

“मी, साहेब,” टब म्हणाला.

“मीपण असेन,” लेमन म्हणाला. “गिटारची तार जरा ढिली आहे.”

“तार ढिली असली की माणूस लवकर येतो?”

“कधी कधी येतो, साहेब.”

ओ. सी. फाइफ खोकले आणि म्हणाले की त्यांच्या वयात कोणावरही बोट दाखवता येईल, आणि त्यांची हरकत नाही. प्रोफेसर यान्सी पियानोवर हात ठेवून बसले होते. आपल्या हाताखालून गेलेली ही पोरे, ज्यांना त्यांनी पट्टीने मारून ताल शिकवला होता, एकामागून एक त्यांच्यासाठी बेताल व्हायला तयार झाली होती. त्यांनी हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

“नाही,” ते म्हणाले. “मी येतोय लवकर.”

ते काचेकडे वळले.

“मि. स्ट्रिकलंड, या बाईंनी गाणं बरोबर रचलं होतं. कागद लिहिताना मी त्यातल्या दोन मात्रा कापल्या. चूक कागदात आहे, आणि कागद माझा आहे. आज दुपारपासून तुम्ही जे ऐकलंत ती माझी चूक ऐकलीत.”

स्ट्रिकलंडने पापणीही हलवली नाही. हे वाक्य बोलायला काय किंमत पडली हे त्याला कधीच कळणार नव्हते. “मग न कापता वाजवा,” तो म्हणाला. “तीन वीस झालेत.”

प्रोफेसरांनी चष्मा काढून पियानोवर ठेवला. कागद त्यांना आता दिसत नव्हता, आणि दिसायला नको होता. “माझी आई यलो डॉग रेल्वेच्या रुळांच्या पलीकडे राहायची, मिसिसिपीत,” ते हलक्या आवाजात म्हणाले, विशेष कोणाला उद्देशून नव्हे. “तिच्या चर्चमध्येही पुस्तकं नव्हती.” मग लुव्हेनियाकडे वळून, “सांग ओळ,” ते म्हणाले.

तिने ओळ सांगितली. डेलरॉयने ती उचलली.

पुढची अडीच मिनिटे लुव्हेनियाला आयुष्यभर तुकड्यातुकड्यांनीच आठवत राहिली. डेलरॉयचा आवाज पहिल्याच शब्दाला फाटला आणि फाटलेलाच छान वाटला. टबच्या काठ्या पत्र्याच्या छपरावर बोरे सांडावीत तशा पडत होत्या. आणि कडव्याच्या शेवटी सगळे एकदम, भिंत आल्यासारखे, थांबले. फाइफ काकांचा हुंकार त्या मोकळ्या जागेत एकटाच उभा राहिला. प्रोफेसरांचे ओठ मिटलेले होते. त्यांचे डोके किंचित कलले होते, दूरचे काही ऐकणाऱ्या माणसासारखे. हुंकार खरखरला, विरला, आणि पाचही जण एका पावलावर खाली आले. काच थरथरली. दुसऱ्या कडव्याला काचेमागचा स्ट्रिकलंड उभा राहिला होता. तिसऱ्याला बँजोवाले तिघे भाऊ दारातून आत डोकावत होते आणि त्यांतल्या सर्वांत धाकट्याचा एक पाय वर होता.

गाणे संपले.

“हे पुन्हा असंच होईल?” स्ट्रिकलंडने विचारले.

“हवं तितक्या वेळा,” प्रोफेसर म्हणाले.

“नको. झालं.” तो काचेमागून बाहेर आला. “लुव्हेनिया, अजून आहेत अशी?”

“भिंतभर आहेत,” ती म्हणाली.

रेकॉर्ड जूनमध्ये निघाली, आणि जुलै उजाडेपर्यंत मेम्फिसमधल्या लोकांनी ती उलटी करून घेतली होती. पहिली बाजू कोणती होती हे डेलरॉयसुद्धा विसरला. नाचणाऱ्यांनी त्या थांबण्याचे स्वतःच काहीतरी केले. एक पाय उचलायचा, जोडीदाराचा हात घट्ट धरायचा आणि ढोल परत येईपर्यंत जमिनीला टेकायचे नाही. ऑगस्टमध्ये हे शिकागोत चालू असल्याचे कळले, थंडीत डेट्रॉइटमध्ये. गोऱ्यांच्या रेडिओवरही ते वाजू लागले. रेडिओवरच्या एका बड्या निवेदकाने गाणे रोज वाजवायच्या बदल्यात त्यावर आपलेही नाव घालावे असा निरोप धाडला, तेव्हा लुव्हेनियाने उलट निरोप पाठवला की त्यातल्या कुठल्या चार ओळी त्याने लिहिल्या ते त्याने कळवावे. रेकॉर्डच्या चकतीवर ‘एल. टॉलिव्हर’ एवढेच छापले होते. त्यामुळे दुकानावर ‘मिस्टर टॉलिव्हर’ यांच्या नावाने पत्रे येत, आणि ती लिहिणाऱ्यांतल्या दोघींनी तर लग्नाचे विचारले होते.

प्रोफेसरांनी नवा कागद लिहिला. या खेपेला त्यांना आठ दिवस लागले. प्रत्येक कडव्याच्या शेवटी त्यांनी दोन मात्रांचे एक आखूड आवर्तन काढले, त्यावर थांब्याची खूण केली, आणि त्या खुणेशेजारी अतिशय बारीक, सुंदर अक्षरांत लिहिले : ‘येथे वादकांनी मोजू नये. ज्येष्ठ वादकाचा स्वर संपेपर्यंत थांबावे.’ खाली त्यांनी आपली पूर्ण सही केली, जी ते एरवी कधी करत नसत. वॉशिंग्टनहून महिन्याभराने छापील प्रमाणपत्र आले. कारकुनाने काहीही म्हटलेले नव्हते. प्रोफेसरांना याचे जरा वाईट वाटले, असे लुव्हेनियाचे मत होते. वादाची त्यांनी पुरती तयारी केली होती.

त्यानंतरच्या वर्षांत तिने दोनशे चौदा गाणी लिहिली, आणि ती सगळी मशीनवरच सुचली. गाणारे न्यूयॉर्कहून यायचे, लांबलचक गाड्या वेलिंग्टन स्ट्रीटवर लावायचे आणि झग्यांच्या ढिगाशेजारी बसून वाट पाहायचे. तिची अट एकच असे : गाणे जसे वाकडे आहे तसे न्यायचे, सरळ करायचे नाही. काही जण अट मान्य करून घेऊन जात आणि सरळ करत. हॉटेलांतले बँड करत, टेलिव्हिजनवर करत. इंग्लंडमधल्या एका टोळीने ‘थांबव फेरीबोट’ इतके सरळ वाजवले की डीकन एमोस म्हणाले, बोट तर सुटली, माणूस धक्क्यावरच राहिला. पण गिटार हातात घेणारी नवी पोरे मूळ रेकॉर्डकडे परत येत. सुई उचलून पुन्हा पुन्हा त्याच जागी ठेवत. आणि मग आपापल्या गाण्यांत कुठे ना कुठे थांबायला शिकत. अशा पोरांची पत्रे तिला येत, आता ‘मिसेस’ किंवा ‘मिस’ लिहून, चुकत-माकत. एकाने लिहिले होते की तुमच्यामुळे मला कळले, गप्प बसलेला ढोलसुद्धा वाजत असतो. ते पत्र तिने प्रोफेसरांना दिले. त्यांनी ते वर्गात वाचून दाखवले, आणि पट्टी त्यानंतर बरीच कमी वापरली, असे म्हणतात.

१९७१ च्या सप्टेंबरमध्ये ती हेलेनाला एका चर्चचे चाळीस झगे पोचवायला गेली होती. नदीवर पूल होऊन दहा वर्षे झाली होती. फेरीबोट कधीच बंद पडली होती. झगे देऊन ती बाहेर पडली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि धक्क्यालगतच्या हिरवळीवर कुठला तरी बँड वाजवत होता. पाच पोरे, तीन काळी, दोन गोरी, सगळ्यांचे केस कानांखाली. ती पुढे गेली आणि पहिल्या चार स्वरांतच आपले गाणे ओळखून जागीच थबकली.

हे तिला दर वेळी होई. सरळ करतील, असे वाटे. चौदा वर्षे झाली, तिचे नाव झाले, तरी अनोळखी हातांत ते गाणे ऐकताना ती पुन्हा भिंतीकडच्या खुर्चीवर जाऊन बसे. पिवळी पँट घातलेल्या एका काळ्या मुलीने तिचा हात धरून तिला नाचणाऱ्यांत ओढले. “या मावशी, उभ्या काय राहिलात, दगडसुद्धा हलतायत.” लुव्हेनिया नाचू लागली, पण तिचे सगळे लक्ष ढोलवाल्याच्या हातांकडे होते. कडवे संपत आले. थांबेल का हा? नाही थांबणार. त्या धास्तीतच तिने पाय उचलला आणि भीतीने, आधीच, दाणकन खाली टेकला.

तिच्याभोवती दोन-अडीचशे माणसे एका पायावर उभी होती. नदीवरचा वारा ऐकू आला. मग ढोल परत आला आणि सगळी हिरवळ एकदम दणाणली.

“अहो मावशी,” मुलगी हसत तिच्या कानाशी ओरडली, “घाई कशाला करता? तिथे थांबायचं असतं.”

“कोणी सांगितलं?”

“सांगायला कोण कशाला हवं?” मुलगी म्हणाली. “गाणंच तसं आहे.”

लुव्हेनियाने तिचा हात घट्ट धरला. आपण कोण हे तिने सांगितले नाही. सांगायला वेळही नव्हता, दुसरे कडवे संपत आले होते. तिने पाय उचलला आणि सगळ्यांबरोबर थांबली.